प्रकल्प नोंदी: ‘वाटप-टेस्ट’चं खरं नाव

३० जून २०२५, धुळे

०.१ आवृत्तीसाठी कोड गोठवला. पांझराकाठच्या गावातले सगळे राउटर रात्रभर चालले, सकाळी मेमरी जागेवर होती. आता अडलंय ते फक्त नाव. फोल्डरवर अजून ‘वाटप-टेस्ट’, कॉन्फिग फाइलवर तेच, लॉगच्या दर ओळीच्या तोंडाशी तेच.

नव्याने येणाऱ्यांसाठी एकदा लिहून ठेवतो. ग्रामपंचायतीजवळ एक फायबर लाइन येते. तिथून पाण्याच्या टाकीवर, टाकीवरून मळ्यातल्या घरांकडे ५ गिगाहर्ट्झवर दुवे. राउटर स्वस्तातले, त्यांवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स), आणि ते एकमेकांना जोडायला बॅटमॅन-अ‍ॅडव्ह. हे सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे आणि चांगलं लिहिलेलं आहे. आमचं काम त्याच्या वरचं: एका लाइनीतला वेग घराघरांत वाटणं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ‘केक’ नावाची रांग लावायची सोय आहे. ती आधी घराघरांत समान वाटणी करते, मग घरातल्या जोडण्यांत. एका घरात दहा मोबाइल असोत की एक, ओढाताण सुरू झाली की दोन्ही घरांना सारखंच. अडचण अशी की लाइनीचा खरा वेग किती, हे केकला बाहेरून सांगावं लागतं, आणि टाकीवरच्या दुव्याचा वेग वारा सुटला, समोरच्या निंबाला पालवी फुटली की बदलतो. आमचा प्रोग्राम तो वेग सतत मोजतो, केकला कळवतो, आणि कोणत्या घराला किती मिळालं ते सगळ्यांना दिसेल अशा एका पानावर मांडतो.

नाव आत्ताच हवं, कारण ते मुरतं. एफआरआर हे आज मोठमोठ्या नेटवर्कांत चालणारं राउटिंगचं सॉफ्टवेअर. ते क्वाग्गामधून फुटलं, क्वाग्गा झेब्रामधून फुटलं होतं. क्वाग्गा हा नामशेष झालेला झेब्र्याचाच प्रकार, तेव्हा त्या पिढीपर्यंत विनोद बरा होता. पण एफआरआरच्या पोटात मुख्य सेवेचं नाव आजही झेब्राच आहे. आजोबांचं नाव काढायची हिंमत नातवाला झाली नाही. आमच्याकडे अजून एकच गाव आहे, तोवर हे उरकायचं.

४ जुलै

सामायिक फाइलमध्ये नावं टाकायला सांगितली होती. शिरपूरची ताई (पॅकेजिंग तिच्याकडे), नंदुरबारचे सर (दस्तऐवज), साक्रीचा केबलवाला भाऊ (टाकीवर चढणारा आमच्यातला एकुलता एक) आणि मी. दोन दिवसांत फाइल बाजारासारखी भरली.

तापी सगळ्यांच्याच मनात आधी आलं आणि सगळ्यांत आधी गेलं. रोमन लिपीत लिहिलं की ते मायक्रोसॉफ्टच्या टेलिफोनीच्या जुन्या संचाचं नाव होतं. शिवाय लिनक्समध्ये ‘टॅप’ नावाची आभासी जोडणी रोजच्या वापरात आहे. ‘तापीचा टॅप बंद आहे’ हे वाक्य मदत मागणाऱ्याने लिहिलं तर उत्तर देणारा रात्र घालवेल.

खानदेशावरून अर्धा डझन नावं आली. ती मी एकगठ्ठा बाजूला काढली, आणि सर थोडे नाराज झाले. माझं म्हणणं असं: आपला प्रदेश नावांच्या बाबतीत स्वतःच स्थिर नाही. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. आणि बागलाणचं काय? सटाण्याकडेही अहिराणीच बोलतात, तिकडच्या मोसम-आरम नद्यांवरही आपल्यासारखेच फड (नदीचं पाणी गावाने वाटून घ्यायची जुनी पद्धत) आहेत, पण जिल्हा नाशिक. तिथल्या गावाने हे वापरायचं ठरवलं तर ‘खानदेश’ नाव त्यांना पाहुण्यासारखं वाटेल.

बहिणाबाईंचं नाव ताईने सुचवलं आणि तिनेच परत घेतलं. विद्यापीठाला ते २०१८ मध्ये दिलंय, ते तिथे शोभतं. ‘बहिणाबाई प्रतिसाद देत नाही’ असं लॉगमध्ये वाचायला कोणालाच आवडणार नाही.

भास्कर. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला; तिथला शिलालेख १२०७ सालचा आहे. गणिताशी नातं, आपल्या मातीतलं, उच्चारायला सोपं. पण इस्रोने १९७९ आणि १९८१ मध्ये दोन उपग्रह याच नावाने सोडलेत, आणि देशभरात या नावाची दुकानं, वर्तमानपत्रं, शिकवण्या किती असतील याची गणतीच नको. शोधायला गेलं तर आपण शेवटच्या पानावरही सापडणार नाही.

मांडे, बट्टी, भरीत हीही आली. सगळी भाऊने, जेवणाच्या वेळी.

आद्याक्षरांचा हट्ट सरांचा. त्यांचा दाखला जवळचा आहे: व्हेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे अमळनेरला १९४५ मध्ये तेलाच्या धंद्यासाठी निघालेल्या कंपनीचं नाव, त्याचंच आखडून विप्रो झालं आणि संगणकात गाजलं. खरं आहे, पण तिथे लांब नाव आधी होतं. आम्हाला आधी आखूड शब्द ठरवून त्यात इंग्रजी शब्द कोंबायचे आहेत. बॅटमॅनवाल्यांनी, बर्ड या राउटिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ते जमवलंय, म्हणून आपल्यालाही जमेल असं नाही. ‘पीएम-वाणी’चंच बघा. सार्वजनिक वाय-फायच्या त्या योजनेचं नाव दिल्लीत छान जुळलं असेल. आमच्या गावात ‘वाणी आली’ म्हटल्यावर आजींनी साखर संपल्याची आठवण केली.

७ जुलै

शेतीतल्या पाण्याचे शब्द उरलेत: फड, चारी (छोटा पाट), पाट, पाटकरी (पाणी वळवणारा), जागल्या (रात्री पिकाची राखण करणारा), पाळी. आणि जाळ्यावरून ‘गाठ’.

‘पाळी’ अर्थाने सगळ्यांत नेमका. पाणीपाळी म्हणजे ज्याचा-त्याचा ठरलेला वाटा, ठरलेल्या वेळी, आणि केक नेमकं हेच करतं. ताई म्हणाली, “दादा, महिला बचत गटाच्या बैठकीत ‘तुमच्या घराची पाळी बंद आहे’ हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.” वगळलं.

१२ जुलै

आज यादी तांत्रिक चाळणीतून काढली. हा दिवस मजेत गेला.

मुख्य प्रश्न: नाव देवनागरीत चालवायचं का? मनातून हो. म्हणून तपासलं, कुठे किती जागा आहे. लिनक्समध्ये नेटवर्क जोडणीच्या नावाला १५ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या रूढ पद्धतीत, ३ बाइट खातं, आणि काना-वेलांटी ही वेगळी चिन्हं धरतात. ‘फड’ ६ बाइट. ‘चारी’ १२, म्हणजे मागे एखादा रोमन आकडाही मावतो. ‘पाटकरी’ १८, बसत नाही.

वाय-फायच्या नावाला ३२ बाइट. तिथे ‘पाटकरी-धुळे’ ३१ बाइटांत काठोकाठ बसतं. ‘पाटकरी-साक्री’ नाही, जोडाक्षर महागात पडतं. भाऊचं म्हणणं, हा साक्रीवर नेहमीचाच अन्याय.

मग ‘गाठ’. तीन चिन्हं, ९ बाइट, ऐसपैस. त्या नावाचा ब्रिज (अनेक जोडण्या एकत्र बांधणारी आभासी जोडणी) बनवायला गेलो तर कर्नलने ‘अवैध’ म्हणून परत केला. ‘चारी’ नावाचा ब्रिज झाला, ‘फड’ नावाचा झाला, ‘गाठ’ नाही. आधी टर्मिनलवर संशय घेतला, मग फॉन्टवर. शेवटी कर्नलचा कोड उघडला. जोडणीच्या नावात तिरकी रेघ, कोलन (:) आणि रिकामी जागा चालत नाही, आणि ही तपासणी एकेका बाइटवर होते. ‘ठ’चे तीन बाइट २२४, १६४, १६०. यातला १६० हा जुन्या लॅटिन-१ संचात न तुटणाऱ्या रिकाम्या जागेचा क्रमांक, आणि कर्नलचा अक्षरतक्ता तोच धरून चालतो. म्हणजे लिनक्सच्या लेखी ‘ठ’च्या पोटात एक स्पेस आहे. पाठ, काठ, ओठ, सगळे बाद. ‘ट’ आणि ‘ड’ला काही होत नाही. कर्नलची चूक म्हणावी तर तशीही नाही. तिथे नाव म्हणजे बाइटांची माळ, ती कोणत्या लिपीत वाचायची हे कर्नल ठरवतच नाही.

निष्कर्ष: प्रोग्रामचं, कॉन्फिगचं, जोडणीचं नाव रोमन लहान अक्षरांत. ओपनडब्ल्यूआरटीच्या कॉन्फिगमध्ये विभागाच्या नावाला अक्षरं, आकडे आणि अधोरेषा इतकंच चालतं. डेबियन या लिनक्सच्या वितरणाला पॅकेजच्या नावात मोठी अक्षरं नकोत. पडद्यावर, पत्रकावर, वाय-फायच्या नावात मात्र देवनागरी. डॉट-भारतचं संकेतस्थळ देवनागरीत मिळतं, २०१४ पासून. पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की पुष्कळदा एक्स-एनने सुरू होणारी रोमन अक्षरांची रांग उमटते. घ्यायचं, पण दुसरा पत्ता म्हणून.

जाता जाता: साम्बाचं, म्हणजे विंडोजशी फायली वाटून घ्यायच्या मुक्त सॉफ्टवेअरचं, नाव कसं पडलं हे ताईला सांगितलं. त्या प्रकल्पाचं आधीचं नाव एका कंपनीच्या मालकीचं निघालं, तेव्हा अँड्र्यू ट्रिजेलने शब्दकोशाच्या फाइलमध्ये एस, एम, बी ही अक्षरं त्या क्रमाने असलेले शब्द शोधले, आणि साम्बा सापडलं. तिने लगेच मराठी शुद्धलेखनाच्या शब्दयादीत ‘केक’साठी दोन ‘क’ असलेले शब्द काढले. काकडी, कोकम, कडक. ‘कडक’वर सगळे क्षणभर थांबले. मग कोणीतरी चहा म्हणालं आणि ते संपलं.

१७ जुलै

वकील वहिनींशी बोलणं झालं. वहिनी धुळ्याच्या कोर्टात असतात, ट्रेडमार्क त्यांचं रोजचं काम नाही, पण त्यांनी वाचून ठेवलं होतं. मुद्दे:

परवान्याने नाव मिळत नाही. आमचा कोड जीपीएल-२ या मुक्त परवान्याखाली आहे, कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. नावाचा हक्क त्यात येत नाही, अपाचे २.० या दुसऱ्या परवान्यात तर तसं स्वच्छ लिहिलेलंच आहे. कोड सगळ्यांचा आणि नाव कोणाचं, हा वेगळा कागद करावा लागतो.

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात निव्वळ वर्णन करणारं किंवा निव्वळ ठिकाण सांगणारं नाव नोंदवणं अवघड. त्यामुळे ‘समान वाटप’ आणि ‘खानदेश नेट’ दोन्ही तिथेही अडले असते. सर म्हणाले, “बरं झालं, आता वाईट वाटत नाही.”

सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये, त्याची सेवा वर्ग ४२ मध्ये. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्तीला दर वर्गामागे ४५०० रुपये, संस्थेला ९०००. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण.

इथे चर्चा गंभीर झाली. दोन वर्ग धरले तर माझ्या एकट्याच्या नावावर ९००० रुपये, संस्थेच्या नावावर १८०००. आणि संस्था अजून नाहीच. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करायला किमान सात माणसं लागतात, आम्ही चार. भाऊ म्हणाला, “तुझ्याच नावावर टाक ना भो, तू काय पळून जाणारेस का?”

पळून जाणार नाही, पण पळून न जाणाऱ्यांच्याही गोष्टी आहेत. वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक तपासायचं सॉफ्टवेअर आज प्रत्येक नेटवर्कवाल्याच्या लॅपटॉपवर असतं. २००६ पर्यंत त्याचं नाव इथिरियल होतं. ते लिहिणाऱ्या जेराल्ड कोम्ब्सने नोकरी बदलली. कोड मुक्त होता, तो बरोबर आला. नावाचा ट्रेडमार्क आधीच्या कंपनीकडे होता, तो राहिला. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव सोडून त्याला नवं घ्यावं लागलं. आजही त्या कोडमध्ये ‘इपॅन’ नावाचं फोल्डर आहे, त्यातला ‘इ’ इथिरियलचा. लिनक्सचं तर विचारूच नका: १९९४ मध्ये अमेरिकेत भलत्याच एका माणसाने ‘लिनक्स’ नाव आपल्या नावावर नोंदवायला टाकलं, आणि तंटा मिटून ते लिनस टोरवाल्ड्सकडे यायला १९९७ उजाडलं. नेटसेंट या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचं नागिओस झालं तेही ट्रेडमार्कच्याच धाकाने, आणि त्यांनी नव्या नावाची फोड करताना आपण संतपदाचा आग्रह धरणार नाही असा टोमणा मारून ठेवला.

माझंच बघायचं तर माझ्या नोकरीच्या करारात फावल्या वेळातल्या कामाबद्दल एक धूसर कलम आहे. नऊ हजार वाचवायला त्या कलमाच्या वाटेत प्रकल्पाचं नाव ठेवायचं नाही. ठरलं: संस्था होईपर्यंत अर्ज नाही. तोवर तारखेसह वापराचे पुरावे जमवायचे, कारण आपल्या कायद्यात आधीपासूनच्या वापराला वजन आहे. कोणीही नोकरीच्या ईमेलवरून काही नोंदवायचं नाही. वेब पत्त्याच्या चाव्या निदान दोघांकडे.

२० जुलै, टाकीखाली

फोनची परीक्षा. ही कल्पना भाऊची आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी. बिघाड झाला की काय होतं? तो टाकीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो, एका हाताने कठडा धरलेला, आणि धुळ्याहून मी फोनवर कमांड सांगतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा आमच्या फोनमध्येही शिरतो. त्या वाऱ्यात जे नाव एकदा सांगून बरोबर टाइप होईल ते खरं.

‘फड’: त्याने एफ-ए-डी टाइप केलं. मी कागदावर पी-एच-ए-डी धरलं होतं. ताईला विचारलं तर तीही एफ. इंग्रजीत एफने लिहिलं की चार दिवसांची टूम. दोन स्पेलिंग सांभाळायची तयारी नाही.

‘चारी’: “चारी म्हणजे आकड्यातला चार का?” विचारेपर्यंत ४ टाइप झाला होता.

‘जागल्या’: ‘ल्या’ला वाय की आय, यावर वारा थांबेपर्यंत वाद.

‘पाटकरी’: पी-ए-टी-के-ए-आर-आय. न विचारता. पहिल्या ‘पा’ला दोन ए लावावेत असं आम्हा दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही, मेसेज टाइप करून करून बोटांना एकाच ए-ची सवय झालीय.

तोटा: रोमनमध्ये शोधलं की पाटकर आडनावाची मंडळी आधी येतात. त्याला इलाज नाही. त्यांच्यात एखाद्याला राउटर दुरुस्त करायचा असेल तर तोही आपल्याला सापडेल.

२५ जुलै

नावाचा कल पाटकरीकडे, पण सरांनी आज एक गोष्ट मांडली आणि ती बरोबर होती. देखरेखीच्या भागाला, दुवा तुटला की निरोप पाठवणाऱ्या छोट्या सेवेला, आम्ही परस्पर ‘जागल्या’ म्हणू लागलो होतो. फडाच्या कारभारात पाटकरी पाणी वळवतो, हवालदार देखरेख करतो, जागल्या रात्री पिकाची राखण करतो. वर्गवारी आयती मिळत होती. सर म्हणाले, “जागलकी कोणाच्या वाट्याला यायची आणि तिचा मोबदला काय मिळायचा, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या नंदुरबारात तर अजून आठवणीतलं आहे. पार्श्वभूमीत चालणाऱ्या, मारून पुन्हा उठवल्या जाणाऱ्या प्रोसेसला ते नाव द्यायचं?”

कोणी वाद घातला नाही. त्या भागाचं नाव साधं ‘निरोप’ केलं.

पण मग तोच प्रश्न पाटकरीलाही विचारायला हवा. पाटकऱ्याला शेतकरी धान्याच्या रूपाने मोबदला देत. ते मानाचं होतं की खालचं? आम्हा चौघांपैकी कोणालाच त्याचं उत्तर द्यायचा अधिकार नाही. गावातले आप्पा पूर्वी पाटकरी होते. कानबाईच्या सणाला गावी जायचंच आहे, तेव्हा त्यांना विचारायचं.

३ ऑगस्ट, कानबाईचा रविवार

आज काम करायचं नव्हतं, पण जाळ्याने करून घेतलं. सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून पोरं घरी आलेली. प्रत्येक घरात रोट आणि प्रत्येक ओट्यावर मोबाइल. संध्याकाळी कानबाईची स्थापना झाली आणि गावातून एकदम व्हिडिओ कॉल सुरू झाले. आमच्या पानावर सगळी घरं एका रेषेत आली, म्हणजे सगळ्यांना सारखं थोडं. कोणाचा कॉल तुटला नाही. एका घरातून सिनेमा उतरवणं चाललं होतं, ते रांगेत मागे बसलं.

रात्री आप्पांच्या ओट्यावर बसलो. पान त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि पहिला आक्षेप घेतला तो नावावर नव्हता, वाटणीवर होता. फडात पाणी कमी असलं तर सगळ्यांचं थोडं थोडं मारत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. थळाचे, म्हणजे त्या पाण्याखालच्या सगळ्या जमिनीचे, तीन-चार फड पाडलेले असतात, बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी-थोडी असते, एका फडात एकच पीक. पाणी कमी दिसलं तर एखादा फड त्या हंगामाला कोरडाच ठेवायचा. कोरड्याचा तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो, आणि भिजलेल्याचं पीक पुरतं हाती लागतं. “सम्द्यास्ले अर्धं पानी दिसन कोनंच पीक येत नही,” ते म्हणाले.

हे मी लिहून घेतलं, कारण ते नावापेक्षा मोठं आहे. व्हिडिओ कॉललाही एका मर्यादेखाली अर्धं पाणी चालत नाही. वेग फार पडला तर सगळ्यांचे कॉल अडखळत ठेवण्यापेक्षा आधी सिनेमा-उतरवणी पूर्ण थांबवावी, कॉलना पुरेसं द्यावं. केकमध्ये वाहतुकीचे असे कप्पे पाडायची सोय आहेच, आम्ही ती बंद ठेवली होती. ०.२ साठी नोंद केली.

मग नावाचं विचारलं. घाबरतच. आप्पा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. “पाटकरी पानीना मालक नही ऱ्हास. गावना नोकर ऱ्हास. गावले पटना नही ते काढी टाकस.” त्यांना कमीपणा कामाचा कधीच वाटला नव्हता. वाटायचा तो एखाद्या वजनदार माणसाने पाळी सोडून पाणी मागितलं की. मग त्यांनीच उलट विचारलं: हे तुमचं यंत्र, त्याला सरपंचाने सांगितलं की माझ्या घराला जास्त सोड, तर ते काय करतं?

खरं उत्तर असं की ज्याच्याकडे राउटरचा पासवर्ड, तो काहीही करू शकतो. पण एखाद्या घराचा वाटा बदलला तर तो बदल सगळ्यांच्या पानावर, बदलणाऱ्याच्या नावासकट दिसतो. ते आम्ही आधीच केलं होतं, बिघाड शोधायच्या सोयीसाठी. आप्पांना ते पटलं. “मंग ठेवा नाव.”

१० ऑगस्ट

बैठक. नाव: पाटकरी. रोमनमध्ये सात लहान अक्षरं, जोडणीला मागे आकडा. सरांनी त्यावर इंग्रजी शब्द बसवून आणले होते. एकदा वाचून दाखवायची परवानगी दिली, नोंदीत घ्यायची नाही.

नावाच्या वापराचं टिपण ताईने लिहिलं, एका पानात. न बदललेला कोड कोणीही पाटकरी म्हणून वाटावा. बदलला तर ‘पाटकरीवर आधारित’ म्हणावं. आणि घराचा वाटा बदलल्याची नोंद लपवणारी आवृत्ती कोणी काढली तर तिला हे नाव लावता येणार नाही. हे शेवटचं वाक्य परवान्यात घालता येत नाही, घालूही नये. कोडचं काय करायचं ते करायला जो-तो मोकळा आहे. नावाच्या कागदात मात्र ते घालता येतं. वहिनींनी वाचून एक शब्द बदलला आणि परत पाठवलं.

संस्थेसाठी उरलेली तीन माणसं गावातली घ्यायची असं ठरलं. आप्पांना विचारलं, त्यांनी सुनेचं नाव दिलं. ती बचत गटाचा हिशेब ठेवते, म्हणून आम्हालाही तेच बरं वाटलं.

१४ ऑगस्ट

नामांतर. शोध-आणि-बदल एका झटक्यात होतो हा भ्रम. फायलींची नावं, सेवा सुरू करणारी स्क्रिप्ट, फायरवॉलमधल्या तक्त्याचं नाव, लॉगची खूण, भाषांतराच्या फायली, आणि एका ठिकाणी मीच टिप्पणीत लिहिलेला ‘वाटप’ हा साधा मराठी शब्द, जो बदलला गेल्यामुळे वाक्य झालं ‘वेगाचं पाटकरी करताना’. झेब्रा आठवून जुनं नाव कुठेही ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. एकच सूट दिली: जुनी कॉन्फिग फाइल सापडली तर ०.१ ती स्वतःच नव्या नावाने लिहून घेईल आणि लॉगमध्ये तसं सांगेल. ०.२ मध्ये ही सोयही काढायची.

ब्रो या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं झीक झालं तेव्हा, २०१८ मध्ये, त्यांना लोकांच्या हजार ठिकाणच्या स्क्रिप्टांची शेपटी बदलायला लावावी लागली होती. आमच्याकडे एक गाव आणि भाऊचा लॅपटॉप.

२१ ऑगस्ट

०.१ बाहेर. टाकीवरचा राउटर भाऊने काल चढवला, आज मळ्यातले.

उरलेलं: वर्ग ९ आणि ४२ साठी वहिनींचं लेखी मत. सोसायटीचे कागद पोळ्यानंतर, कारण तोवर गावात कोणी सहीला बसणार नाही. अहिराणी भाषांतर भाऊने अंगावर घेतलंय. अहिराणीला आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे, ए-एच-आर, त्यामुळे फाइल वेगळी ठेवता येते, मराठीच्या पोटात घालावी लागत नाही. पहिल्या खेपेत त्याने ‘सेवा सुरू आहे’ला ‘पाटकरी चालू शे’ आणि ‘प्रतिसाद नाही, वेळ संपली’ला ‘वाट दखी दखी थकना’ केलंय. ताईचं मत, चुकीच्या सूचनेत विनोद नको. माझं मत, टाकीवर बसलेल्या माणसाला हे लवकर कळेल. पहिलं घेतलं, दुसऱ्यावर अजून दोघांची मतं यायची आहेत.

सरांनी न विचारता बोधचिन्ह पाठवलंय, फावडं आणि अँटेना. त्यावर शनिवारनंतर.